तंबाखू-प्रतिबंध कार्यक्रमांचे सार्वजनिक अर्थसाहाय्य

तंबाखूच्या व्यसनास प्रतिबंध करणे, व्यसनाधीन व्यक्तींना ते सोडण्यास साहाय्य करणे व अन्य जनांचे धुरापासून रक्षण करणे, यांसाठी शासनाने करांतून अथवा अन्य सार्वजनिक उत्पन्नातून स्थानिक संस्थांना पुरविलेला पैसा. यात जिल्हा व नगर आरोग्य विभागांना मिळणारी अनुदाने, शाळांतील शिक्षण, लोकशिक्षणाच्या जाहिराती, दूरध्वनीवरील समुपदेशन, व्यसनमुक्ती केंद्रे, तसेच स्थानिक कायद्यांची अंमलबजावणी यांवरील खर्चाचा समावेश होतो. या अर्थसाहाय्याची दोन प्रमुख रूपे आढळतात : एक, शासनाच्या सर्वसाधारण महसुलातून दरवर्षी मंजूर होणारी तरतूद, व दुसरे, तंबाखूवर खास कर बसवून त्याचे उत्पन्न याच कामासाठी राखून ठेवणारा निर्धारित निधी. दुसऱ्या रूपाचा सर्वांत मोठा व सर्वाधिक अभ्यासला गेलेला प्रयोग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यात १९८९ पासून झाला. करदात्याने विशिष्ट कामासाठी दिलेला पैसा त्याच कामी लागतो की नाही, हा लोकशाही अर्थकारणातील जुना प्रश्न त्या प्रयोगाच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला दिसतो. [→ तंबाखू, धूम्रपान].

पार्श्वभूमी : अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांच्या समितीने ११ जानेवारी १९६४ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात सिगारेट ओढणे व फुप्फुसाचा कर्करोग यांतील कार्यकारणसंबंध निःसंदिग्धपणे मांडला. त्यानंतर सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले. परंतु लोकशिक्षणासाठी शासनाने म्हणण्यासारखा पैसा दिला नाही. १९६७ मध्ये संघीय दळणवळण आयोगाने असा निर्णय दिला, की सिगारेटच्या जाहिराती दाखविणाऱ्या नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांनी धूम्रपानाच्या दुष्परिणामांची माहितीही पुरेशा प्रमाणात व विनामूल्य प्रसारित केली पाहिजे. या संदेशांच्या काळात दरडोई सिगारेट-सेवन घटले. पुढे २ जानेवारी १९७१ पासून सिगारेटच्या जाहिराती या माध्यमांतून कायद्याने बंद झाल्या. पण त्यांबरोबर विनामूल्य प्रतिजाहिरातींचा आधारही नाहीसा झाला आणि दरडोई सेवनाची घट काही काळ थांबली. विरोधी प्रचाराचा परिणाम होतो, मात्र तो टिकविण्यासाठी पैशाचा निश्चित स्रोत लागतो, हा धडा आरोग्यकार्यकर्त्यांनी यातून घेतला.

याच सुमारास धूम्रपान न करणाऱ्यांच्या हक्कांची चळवळ स्थानिक पातळीवर उभी राहिली. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने १९७७ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानावर निर्बंध घालणारा नगरनियम केला. राज्यव्यापी निर्बंधांचे १९७८ व १९८० चे प्रस्ताव मतदानात फेटाळले गेले. परंतु १९८३ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को शहराच्या कार्यालयांतील धूम्रपानविषयक नियमावर मतदान झाले, तेव्हा तंबाखू उद्योगाने केलेल्या मोठ्या खर्चानंतरही नागरिकांनी नियमाच्या बाजूने कौल दिला. राज्याच्या राजधानीत उद्योगाचे वजन अधिक पडते आणि नगरपालिकेच्या सभागृहात नागरिकांचे, असा अनुभव यातून आला. पुढे राज्याच्या निधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे वळविण्यात आला, त्यामागे हा अनुभव होता. तंबाखूवरील कराचा काही भाग धूम्रपान-प्रतिबंधासाठी देण्याची सुरुवात मात्र मिनेसोटा राज्याने १९८५ च्या कायद्याने केली होती.

प्रस्ताव क्रमांक ९९ : कॅलिफोर्नियाच्या संविधानानुसार ठरावीक संख्येने सह्या गोळा करून नागरिकांना कायद्याचा मसुदा थेट मतदारांपुढे ठेवता येतो. सिगारेटवरील कर वाढविण्याचे प्रयत्न विधिमंडळात निष्फळ ठरल्यावर पर्यावरणवादी संस्था, अमेरिकन लंग असोसिएशन, अमेरिकन कॅन्सर सोसायटी व अमेरिकन हार्ट असोसिएशन यांच्या आघाडीने या अधिकाराचा आश्रय घेतला. ८ नोव्हेंबर १९८८ रोजी झालेल्या मतदानात हा प्रस्ताव सु. ५८ टक्के मतांनी संमत झाला. त्याविरुद्ध तंबाखू उद्योगाने २ कोटी १० लाख डॉलरांहून अधिक खर्च केला होता. करवाढीमुळे चोरटा व्यापार वाढेल व टोळ्यांचे फावेल, असा त्याच्या प्रचाराचा रोख होता.

या कायद्याने १ जानेवारी १९८९ पासून सिगारेटच्या पाकिटावरील राज्यकर १० सेंटवरून ३५ सेंट झाला आणि वाढीव २५ सेंटांचे उत्पन्न सहा खात्यांत पुढीलप्रमाणे विभागण्याचे ठरले : रुग्णालयीन सेवा ३५ टक्के, वैद्यकांच्या सेवा १० टक्के, आरोग्यशिक्षण २० टक्के, संशोधन ५ टक्के, नैसर्गिक संपत्ती ५ टक्के व अनिर्धारित २५ टक्के. प्रारंभीच्या वर्षांत हे उत्पन्न वार्षिक ५० कोटी डॉलरांहून अधिक होते. या विभागणीत निरनिराळ्या हितसंबंधीयांची सांगड घातलेली स्पष्ट दिसते. गरीब रुग्णांवरील उपचारांसाठी रुग्णालये व वैद्यक यांना मोठा वाटा, पर्यावरणवाद्यांना लहान वाटा आणि तंबाखू-प्रतिबंधाला पंचमांश, अशी ही रचना होती. मतदारांनी ठरविलेल्या या कायद्यात बदल करावयाचा झाल्यास विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत चारपंचमांश बहुमत लागेल व तो बदल कायद्याच्या उद्दिष्टांशी सुसंगत असला पाहिजे, अशी अट त्यात घातली होती. पुढील सर्व वाद या अटीभोवती फिरले.

निधीचे स्थानिक वाटप : आरोग्यशिक्षण खात्यातील पैसा कसा खर्चावा, हे १९८९ च्या असेंब्ली विधेयक क्र. ७५ ने ठरविले. त्याप्रमाणे राज्याच्या आरोग्यसेवा विभागात तंबाखू नियंत्रण शाखा स्थापन झाली व राज्यातील ५८ काउंटी (जिल्हे) आणि स्वतंत्र आरोग्य विभाग असलेली बर्कली, लाँग बीच व पॅसडीना ही तीन शहरे मिळून ६१ आरोग्य विभागांना ‘स्थानिक अग्रणी संस्था’ म्हणून मान्यता मिळाली. निधीचे वाटप मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात होई; परंतु विरळ वस्तीच्या डोंगराळ काउंटीलाही किमान १,५०,००० डॉलर वार्षिक अनुदान मिळेल, अशी तजवीज होती. या किमान रकमेमुळे लहान काउंटीतही या कामाला वाहिलेला एखादा तरी पूर्णवेळ कर्मचारी नेमणे शक्य झाले.

प्रत्येक अग्रणी संस्थेने नागरिकांची, शाळांची व स्वयंसेवी संघटनांची एक स्थानिक आघाडी उभारावी, तिच्या सल्ल्याने योजना तयार करावी व ती राज्याकडे मंजुरीसाठी पाठवावी, अशी पद्धत होती. याखेरीज सामाजिक संस्थांना स्पर्धेच्या तत्त्वावर अनुदाने दिली जात, शाळांचा पैसा शिक्षण विभागामार्फत काउंटीच्या शिक्षण कार्यालयांकडे जाई आणि आफ्रिकी-अमेरिकन, आशियाई व पॅसिफिक बेटवासी, स्पॅनिशभाषी व मूळचे अमेरिकन इंडियन या समाजांसाठी स्वतंत्र जाळी उभारण्यात आली.

कार्यक्रमाच्या प्रारंभी भर व्यसन सोडण्याच्या वर्गांवर व शालेय पाठांवर होता. तथापि अशा वर्गांना येणाऱ्यांची संख्या खर्चाच्या मानाने थोडी असते, हे लवकरच ध्यानात आले. त्यामुळे धूम्रपान ही एकेका व्यक्तीची सवय न मानता समाजात मान्यता पावलेली रीत मानावी व ती मान्यताच काढून घ्यावी, असे धोरण हळूहळू स्वीकारण्यात आले. बंदिस्त जागांतील धूर, अल्पवयीनांना होणारी विक्री, दुकानांतील जाहिराती व उद्योगाचे प्रायोजकत्व हे स्थानिक आघाड्यांचे मुख्य विषय बनले. सॅन लूइस ओबिस्पो या लहान शहराने १९९० मध्ये उपाहारगृहे व मद्यालये यांसह सर्व बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानास बंदी केली. पुढील काळात अनेक नगरांनी व काउंटींनी असेच नियम केले. या स्थानिक नियमांच्या पायावर १९९४ चा राज्यव्यापी कायदा उभा राहिला. त्याप्रमाणे १९९५ पासून बहुतेक बंदिस्त कार्यस्थळे व १९९८ पासून मद्यालये धूम्रपानमुक्त झाली.

लोकशिक्षणाची मोहीम १० एप्रिल १९९० रोजी सुरू झाली. पहिल्या दीड वर्षासाठी तिला सु. २ कोटी ८६ लाख डॉलर मिळाले. धूम्रपानाने रोग होतो एवढेच सांगून न थांबता या जाहिरातींनी तंबाखू उद्योगाच्या विक्रीनीतीवरच बोट ठेवले. धुराने भरलेल्या खोलीत जमलेले कंपनीचे अधिकारी मेलेल्या व सोडून गेलेल्या गिऱ्हाइकांच्या जागी नवी गिऱ्हाइके मिळविण्याचा विचार करीत आहेत, असे दृश्य पहिल्याच जाहिरातींपैकी एकीत होते. शासकीय पैशाने एका कायदेशीर उद्योगावर एवढी थेट टीका होणे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती.

व्यसनमुक्तीसाठी १९९२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत राज्यव्यापी दूरध्वनी साहाय्य केंद्र सुरू झाले. इंग्रजी व स्पॅनिश यांखेरीज आशियाई भाषांतही समुपदेशन देण्यात येऊ लागले. साहाय्य मागणाऱ्यांची संख्या समुपदेशकांच्या शक्तीबाहेर गेली, तेव्हा कोणास लगेच समुपदेशन द्यावयाचे हे यादृच्छिक पद्धतीने ठरविण्यात आले व त्यातूनच एक विश्वसनीय चाचणी सिद्ध झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार बारा महिन्यांनी व्यसनमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण समुपदेशनाच्या गटात ९.१ टक्के, तर तुलनेच्या गटात ६.९ टक्के होते. हा फरक लहान वाटतो. परंतु दूरध्वनीमार्फत हजारो लोकांपर्यंत पोहोचता येत असल्याने एकंदर लाभ मोठा ठरतो. पुढे अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशी केंद्रे उघडली.

निधीवरून झालेला संघर्ष : मतदारांनी आरोग्यशिक्षणास २० टक्के वाटा दिला असला, तरी विधेयक क्र. ७५ नेच त्यातील काही रक्कम बालकांच्या आरोग्यतपासणीसारख्या वैद्यकीय योजनांकडे वळविली. १९९० नंतर राज्याला आर्थिक मंदीने गाठले व अर्थसंकल्पात मोठी तूट आली. वैद्यकीय सेवांचे पुरस्कर्ते, त्यांत राज्यातील वैद्यकांची संघटनाही होती, उपचारांचा पैसा कमी होऊ नये म्हणून शिक्षणाच्या खात्याकडे वळले. आजारी गरीब बालकाला आज औषध द्यावे, की वीस वर्षांनी होणारा कर्करोग टाळण्यासाठी जाहिरात करावी, असा पेच विधिमंडळापुढे मांडण्यात आला. उपचाराचा लाभार्थी डोळ्यांसमोर असतो. प्रतिबंधाचा लाभार्थी कोण, हे त्याला स्वतःलाही कधी कळत नाही. अर्थसंकल्पाच्या वादात प्रतिबंधाची बाजू लंगडी पडते, ती मुख्यतः यामुळे.

तंबाखू उद्योगाची भूमिका यात पडद्याआड राहिली. पुढे न्यायालयीन खटल्यांमुळे उद्योगाची अंतर्गत कागदपत्रे प्रकाशात आली. त्यांवरून असे दिसते, की करवाढ रद्द करण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा तिचा पैसा लोकप्रिय वैद्यकीय योजनांकडे वळविणे अधिक सोयीचे, असा विचार उद्योगात झाला होता. काउंटीच्या आरोग्य विभागांकडे माहिती मागणारे अर्ज करून व शासकीय पैशाने बेकायदा राजकीय प्रचार होत असल्याच्या तक्रारी करून स्थानिक कर्मचाऱ्यांना गुंतवून ठेवण्याचे प्रकारही घडले.

जानेवारी १९९२ मध्ये राज्यपाल पीट विल्सन यांच्या प्रशासनाने लोकशिक्षणाची मोहीम स्थगित करून तिचा पैसा वैद्यकीय सेवांकडे वळविण्याचे ठरविले. अमेरिकन लंग असोसिएशनने त्याविरुद्ध दावा लावला व त्याच वर्षी न्यायालयाच्या आदेशाने मोहीम पुन्हा सुरू झाली. १९९४ च्या विधेयक क्र. ८१६ ने शिक्षण व संशोधन या दोन्ही खात्यांतील पैसा वैद्यकीय योजनांना दिला. धूम्रपान न करणाऱ्यांच्या हक्कांची संघटना व आरोग्यसंस्था यांनी ही बाब न्यायालयात नेली व निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९९५ मध्ये विधिमंडळाने दुसरा कायदा करून हेच वळण कायम ठेवण्याचा प्रयत्न केला. त्यालाही न्यायालयाने मनाई केली. मतदारांनी घालून दिलेली टक्केवारी ही सूचना नसून बंधन आहे, हे तत्त्व या निर्णयांनी प्रस्थापित झाले. मधल्या वर्षांत अनेक स्थानिक कार्यक्रम संकुचित झाले व अनुभवी कर्मचारी निघून गेले. सार्वजनिक टीकेचा दबाव वाढल्यावर १९९६ च्या अर्थसंकल्पात शिक्षण व संशोधन यांना त्यांचा वाटा पुन्हा मिळाला.

याच काळात स्थानिक नियमांवर दुसऱ्या दिशेने आघात करण्याचा प्रयत्न झाला. १९९४ मध्ये फिलिप मॉरिस कंपनीच्या पुढाकाराने प्रस्ताव क्र. १८८ मतदानास आला. धूम्रपानावर राज्यव्यापी निर्बंध घालणारा म्हणून तो मांडला गेला; प्रत्यक्षात त्याने नगरांचे व काउंटींचे अधिक कडक नियम निष्प्रभ झाले असते. सु. ७१ टक्के मतदारांनी तो फेटाळला. काही वर्षे चाललेल्या स्थानिक शिक्षणाचे फळ म्हणून या निकालाकडे पाहिले जाते.

परिणाम : कॅलिफोर्नियातील प्रौढांमध्ये धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण १९८८ मध्ये सु. २३.७ टक्के होते. २०१३ च्या सुमारास ते सु. १२ टक्क्यांवर आले. १९८८ ते १९९७ या काळात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कॅलिफोर्नियात १४ टक्क्यांनी घटले, तर कर्करोगनोंदणी असलेल्या देशातील अन्य प्रदेशांत ही घट २.७ टक्के होती. हृद्‌रोगावरील परिणाम अधिक लवकर दिसला. फिक्टेनबर्ग व ग्लँझ यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८९ ते १९९७ या काळात राज्यातील हृद्‌रोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सु. ३३,३०० नी कमी झाले. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा, की १९९२ नंतर कार्यक्रमाचा जोर ओसरला नसता, तर आणखी सु. ८,३०० मृत्यू टळले असते. निधी वळविण्याच्या निर्णयांची किंमत मनुष्यहानीच्या स्वरूपात मोजण्याचा हा प्रयत्न होता. लाइटवुड व ग्लँझ यांच्या २००८ मधील अंदाजाप्रमाणे १९८९ ते २००४ या काळात सु. १.८ अब्ज डॉलर खर्चाच्या मोबदल्यात आरोग्यसेवेवरील सु. ८६ अब्ज डॉलर वाचले.

अशा अंदाजांना मर्यादा आहेत. करवाढीने वाढलेली किंमत, जाहिराती, स्थानिक निर्बंध व लोकमतातील बदल हे सर्व एकाच वेळी घडत असल्याने प्रत्येकाचा परिणाम निरनिराळा मोजणे कठीण असते. कॅलिफोर्नियाची लोकसंख्या व तिच्यातील स्थलांतर यांचाही विचार करावा लागतो. तथापि निधी पूर्ण मिळत असताना सिगारेट-सेवनातील घटीला वेग आला व निधी कमी होताच तो मंदावला, हा क्रम सहजासहजी दुर्लक्षिता येत नाही.

मॅसॅचूसेट्स राज्यातील अनुभव : या राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर १९९२ मध्ये सिगारेटवर पाकिटामागे २५ सेंट वाढीव कर बसविण्यास संमती दिली व १९९३ मध्ये तेथे कार्यक्रम सुरू झाला. या राज्यात काउंटीपेक्षा नगरांची आरोग्यमंडळे प्रबळ असल्याने निधी त्यांच्याकडे गेला. त्यांनी दुकानांची तपासणी, अल्पवयीनांना विक्री करणाऱ्यांना दंड व उपाहारगृहांतील निर्बंध ही कामे हाती घेतली. मात्र कॅलिफोर्नियाप्रमाणे टक्केवारीचे बंधन येथे नव्हते. रक्कम दरवर्षी विधिमंडळाच्या मंजुरीवर अवलंबून होती. २००२ नंतरच्या आर्थिक तंगीत या तरतुदीत ९० टक्क्यांहून अधिक कपात होऊन ती सु. २५ लाख डॉलरांवर आली. अनेक नगरांतील तपासणी थांबली व अनुदान गमावलेल्या नगरांत अल्पवयीनांना होणारी बेकायदा विक्री वाढल्याचे आढळले. याच राज्याने २००६ मध्ये गरिबांच्या शासकीय आरोग्यविमा योजनेत व्यसनमुक्तीची औषधे व समुपदेशन यांचा समावेश केला. पहिल्या अडीच वर्षांत या योजनेखालील लोकांतील धूम्रपानाचे प्रमाण ३८.३ टक्क्यांवरून २८.३ टक्क्यांवर आले.

महातडजोड व तिचा विनियोग : धूम्रपानजन्य रोगांवरील खर्चाच्या भरपाईसाठी राज्यांनी तंबाखू कंपन्यांवर खटले भरले होते. मिसिसिपी, फ्लॉरिडा, टेक्सस व मिनेसोटा यांनी स्वतंत्र तडजोडी केल्या. उरलेल्या ४६ राज्यांशी २३ नोव्हेंबर १९९८ रोजी एकच करार झाला व त्यानुसार पहिल्या २५ वर्षांत सु. २०६ अब्ज डॉलर देण्याचे कंपन्यांनी मान्य केले. हा पैसा तंबाखू-प्रतिबंधासाठीच वापरावा, असे बंधन करारात नव्हते. परिणामी रस्ते, तूटभरपाई, करसवलती अशा नाना कामांवर तो खर्च झाला. काही राज्यांनी भावी हप्त्यांच्या तारणावर कर्जरोखे विकून पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न एकदम वापरले. अशा राज्यांच्या अर्थकारणाचे हित सिगारेटची विक्री चालू राहण्यात गुंतले, ही विसंगती अनेक टीकाकारांनी दाखविली आहे. राज्यांनी किती खर्च करावा यासंबंधी संघीय रोगनियंत्रण केंद्राने १९९९ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली व २००७ आणि २०१४ मध्ये ती सुधारली. तथापि २०२२-२३ या आर्थिक वर्षात तंबाखूवरील कर व तडजोड यांपासून राज्यांना मिळणाऱ्या सु. २६.७ अब्ज डॉलरांपैकी प्रतिबंध व व्यसनमुक्ती यांसाठी सु. ७३ कोटी ३० लाख डॉलर, म्हणजे ३ टक्क्यांहून कमी रक्कम ठेवण्यात आली होती. एप्रिल २०२५ मध्ये या केंद्राच्या धूम्रपानविषयक कार्यालयात मोठी कर्मचारीकपात झाल्याने राज्यांना मिळणारा संघीय आधारही डळमळीत झाला.

निर्धारित कराला आणखी एक अंगभूत मर्यादा आहे. कार्यक्रम जसजसा यशस्वी होतो, तसतशी सिगारेटची विक्री घटते व तिच्याबरोबर निधीही आटतो. ठरावीक सेंटांचा कर महागाईनेही झिजतो. कॅलिफोर्नियात हे दोन्ही घडले. २०१२ मध्ये पाकिटामागे एक डॉलर वाढीव कराचा प्रस्ताव अगदी थोड्या मतांनी हरला. २०१६ मध्ये मात्र प्रस्ताव क्र. ५६ संमत होऊन १ एप्रिल २०१७ पासून कर ८७ सेंटवरून २.८७ डॉलर झाला. विद्युत् सिगारेटींवरही समतुल्य कर बसला व स्थानिक संस्थांच्या अनुदानांत वाढ झाली.

अन्य देश : ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८७ च्या तंबाखू कायद्याने तंबाखूच्या घाऊक विक्रीवर ५ टक्के अधिभार बसवून ‘व्हिक हेल्थ’ हे आरोग्यसंवर्धन प्रतिष्ठान स्थापन केले. खेळांच्या व कलांच्या कार्यक्रमांना तंबाखू कंपन्यांकडून मिळणारे प्रायोजकत्व या निधीतून विकत घेण्यात आले, त्यामुळे क्रीडासंस्थांचा विरोध मावळला. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने राज्यांच्या अशा अनुज्ञाशुल्कांना घटनाबाह्य ठरविले. तेव्हापासून प्रतिष्ठानाला राज्याच्या तिजोरीतून तरतूद केली जाऊ लागली. थायलंडने २००१ मध्ये तंबाखू व मद्य यांवरील उत्पादनशुल्कावर २ टक्के अधिभार बसवून याच धर्तीवर आरोग्यसंवर्धन निधी उभारला.

इंग्लंडमध्ये वेगळा मार्ग अनुसरण्यात आला. १९९८ च्या श्वेतपत्रिकेनंतर १९९९ मध्ये दारिद्र्यग्रस्त विभागांत व पुढील वर्षी सर्वत्र, राष्ट्रीय आरोग्यसेवेमार्फत विनामूल्य व्यसनमुक्ती सेवा सुरू झाली. एप्रिल २०१३ मध्ये ती स्थानिक प्राधिकरणांकडे सोपविण्यात आली. त्यांना मिळणारे सार्वजनिक आरोग्य अनुदान २०१५ नंतर घटल्याने अनेक ठिकाणी सेवा आकुंचित झाली. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२४-२५ पासून वार्षिक ७ कोटी पौंड जादा देण्याचे ठरले. काम स्थानिक संस्थेकडे देताना त्यासाठीचा पैसा राखून न ठेवल्यास काय होते, याचे हे उदाहरण होय.

भारत : भारतात तंबाखूवर विशिष्ट हेतूंसाठी उपकर बसविल्याची उदाहरणे आहेत. १९७६ च्या कायद्यान्वये विड्यांवर बसविलेला उपकर विडी कामगारांच्या कल्याणासाठी होता. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर २०१७ मध्ये तो रद्द झाला. २००१ पासून सिगारेट इ. वस्तूंवर बसविलेले शुल्क राष्ट्रीय आपत्तिनिवारणासाठी, तर २०१७ पासूनचा भरपाई उपकर राज्यांच्या महसुलाची तूट भरून काढण्यासाठी होता. या तिन्हींपैकी एकाचाही हेतू तंबाखूचे व्यसन सोडविणे हा नव्हता.

व्यसनमुक्तीच्या कामाला येथे सर्वसाधारण महसुलातून पैसा मिळाला. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १३ व्यसनमुक्ती केंद्रे सुरू झाली. २००३ चा तंबाखू उत्पादनेविषयक कायदा व जागतिक तंबाखू नियंत्रण करार (भारताची संमती २००४) यांच्या पाठोपाठ २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तो प्रथम ९ राज्यांतील १८ जिल्ह्यांत व नंतर २१ राज्यांतील ४२ जिल्ह्यांत राबविण्यात आला. जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्ष हा त्याचा पाया असून प्रशिक्षण, लोकशिक्षण, शालेय कार्यक्रम, कायद्याची अंमलबजावणी व जिल्हा पातळीवरील समुपदेशन ही त्याची कामे आहेत. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये राष्ट्रीय दूरध्वनी साहाय्य केंद्र सुरू झाले व २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासह आणखी तीन केंद्रे त्याला जोडण्यात आली.

महाराष्ट्रातील परिस्थिती सिगारेटप्रधान देशांहून भिन्न आहे. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. त्यांपैकी धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण प्रौढांच्या २४.४ टक्के, तर धूम्रपान करणाऱ्यांचे केवळ ३.८ टक्के होते. चुना लावून मळलेली तंबाखू व दातांना लावण्याची मशेरी ही येथील व्यसनाची प्रमुख रूपे होत. गुटख्याचे उत्पादन व विक्री यांवर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली. धुराचा उपद्रव इतरांना होतो, या मुद्द्यावर कॅलिफोर्नियातील लोकमत संघटित झाले. मशेरी लावणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो मुद्दा लागू पडत नाही. त्यामुळे येथील कार्यक्रमात समुपदेशन, दंतवैद्य व आशा कार्यकर्ती यांच्यामार्फत होणारा व्यक्तिगत संपर्क यांना अधिक महत्त्व द्यावे लागते. आणि असे काम मनुष्यबळावर, म्हणजेच दरवर्षी खात्रीने मिळणाऱ्या वेतनाच्या तरतुदीवर, अवलंबून असते.

समालोचन : निरनिराळ्या देशांच्या अनुभवांतून काही सामान्य गोष्टी स्पष्ट होतात. निर्धारित करामुळे पैसा उपलब्ध होतो. पण तो राखला जाण्यासाठी कायद्यातील निश्चित टक्केवारी, न्यायालयाकडे जाण्याची मोकळीक व सजग लोकसंघटना या तिन्हींची गरज लागते. मॅसॅचूसेट्समध्ये टक्केवारी नव्हती, महातडजोडीत हेतूचे बंधन नव्हते आणि कॅलिफोर्नियात दोन्ही असूनही लढा द्यावा लागला. दुसरे असे, की लहान रक्कम दीर्घकाळ मिळणे हे मोठी रक्कम अल्पकाळ मिळण्यापेक्षा हितकर ठरते. कारण स्थानिक कर्मचारी व त्याचा लोकांशी जुळलेला परिचय हेच या कार्यक्रमाचे खरे भांडवल असून एकदा मोडलेली यंत्रणा पुन्हा उभारण्यास वर्षे लागतात. निर्धारित करांवर अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप असा, की त्यांमुळे विधिमंडळाला गरजांचा तुलनात्मक विचार करता येत नाही. तंबाखूच्या बाबतीत या आक्षेपाला दिले जाणारे उत्तर असे, की हा कर मुख्यतः व्यसनाधीन व बऱ्याच अंशी गरीब माणसाच्या खिशातून येतो; त्यातील काही भाग त्याच्या व्यसनमुक्तीसाठी परत देणे, ही करन्यायाची किमान अपेक्षा होय.